पायावरची फुली

माझा डावा पाय ठेवायचा की गुडघ्याखाली कापायचा, हे त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ठरणार होतं.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी जांघेत चीर देऊन रक्ताची गुठळी बाहेर काढली होती. "वाट मोकळी केली आहे. आता रक्त पावलापर्यंत उतरतं का बघू. उतरलं तर पाय राहील," एवढं म्हणून ते गेले. उतरलं नाही तर काय, ते मी विचारलं नाही. चीरूने, माझ्या बायकोने, विचारलं आणि ऐकून खाली बसली.

चाळीस वर्षं मी माडावर चढून माडी काढली. आमच्या वडकरे गावाच्या आसपासचे माड मला माणसांसारखे ओळखीचे होते. वयामुळे चढणं सुटलं होतं, तरी बागेत फेरी मारून नव्या माणसांना चार शिव्या दिल्याशिवाय माझा दिवस जात नसे. पाय गेला तर मी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

वॉर्डात एलिकुट्टी नावाची सिस्टर होती. पन्नाशीची, ठेंगणी, आमच्याच राज्याच्या दक्षिणेकडची, ख्रिस्ती. ती मला अप्पच्चन आणि चीरूला अम्मच्ची म्हणायची, तिकडच्या ख्रिस्ती घरांत आजोबा-आजीला म्हणतात तसं. आमच्या बाजूला म्हाताऱ्याला असं कोणी म्हणत नाही. शेजारच्या खाटेवर मोय्दू म्हणून एक मासेवाला होता, त्याला याचं फार हसू यायचं.

"कणारन, आता तुला चर्चमध्ये न्यायला येतील बघ."

"तुला आधी नेतील," मी म्हणायचो. "वासावरून लगेच सापडशील."

दर तासाला सिस्टर यायची. आधी तळवे एकमेकांवर चोळायची, मग आपल्याच मानेला लावून बघायची, ऊब आली का. त्यानंतरच माझ्या पावलाला हात लावायची. टाच गादीला टेकू नये म्हणून तिने खाली कापडाची घडी दिली होती. बोटांचा रंग बघायची, नख दाबून सोडायची, आणि पावलाच्या वरच्या अंगाला दोन बोटं ठेवून नुसती उभी राहायची. मग कागदावर लिहायची.

पाऊल गार पडलं होतं म्हणून चीरू बाटलीत गरम पाणी भरून घेऊन आली. सिस्टरने बाटली वाटेतच धरली.

"अम्मच्ची, या पावलाला आत्ता काही कळत नाही. भाजलं तरी ओरडणार नाही ते."

"मग मी काय नुसती बघत बसू?"

"त्या पाण्यात चहाची पूड घाला आणि मला द्या. सकाळपासून घोटभर मिळालेला नाही."

चीरू दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

अकरा वाजता सिस्टरची बोटं पावलावर फिरता फिरता एका जागी थांबली. मान थोडी कलली. तिने खिशातून पेन काढलं आणि त्या जागेवर ठसठशीत फुली मारली. ती काही सांगणार, तेवढ्यात पलीकडे कोणाला तरी ओकारी झाली आणि ती तिकडे धावली.

आमच्याकडे ज्या माडात काही उरलं नाही, त्याच्या बुंध्यावर मालक चुन्याची फुली मारतो. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. पन्नाशीत अक्षरं शिकायला बसलो, तिथेही बाई चुकलेल्या अक्षरावर फुलीच मारायच्या. चांगली फुली मी जन्मात पाहिली नव्हती.

मोय्दूने मान उंचावली. "काय काढलंय रे?"

"कुठे कापायचं ते."

मोय्दूने हात लांब करून माझ्या खाटेची कड धरली. त्याने थट्टा केली नाही म्हणून मी जास्त घाबरलो.

चीरूने इकडे तिकडे पाहिलं, खांद्यावरच्या वस्त्राचं टोक थुंकीने ओलं केलं आणि घासघासून फुली पुसून टाकली. "खूणच नसली तर कापतील कुठे?" ती म्हणाली.

बारा वाजता सिस्टर आली. पावलाकडे पाहून थबकली.

"कोणी पुसलं हे?"

चीरू पंख्याकडे बघू लागली. मोय्दू म्हणाला, "सिस्टर, मी तर झोपलो होतो."

मग मीच तिला माडावरच्या फुलीचं सांगितलं. ती स्टुलावर बसली. रागावणार असं वाटलं, पण तिने कपाळाला हात लावला.

"अप्पच्चा, तिथे तुमच्या रक्ताचा ठोका लागला होता. केसासारखा बारीक. पुन्हा हरवू नये म्हणून खूण केली होती मी."

"मग आता गेला?"

"गेला नसेल. मलाच परत शोधायला हवा."

तिने तळवे चोळले, मानेला लावले. मोय्दूने न सांगता आपला रेडिओ बंद केला. तिने डोळे मिटले आणि बोटं ठेवली. उचलली. तांदळाच्या दाण्याएवढी सरकवली. पुन्हा ठेवली. किती वेळ, ते ठाऊक नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि मला तो चेहरा एकदम ओळखीचा वाटला.

माडाची कोवळी पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, आम्ही बांधून ठेवतो आणि रोज हाडाच्या तुकड्याने हलकेच ठोकतो. आत रस कधी भरला ते डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळतं. मी तिघांना शिकवलं. जोर लावलास तर पोय मुकी होते, असं कितीदा ओरडलो असेन. दोघांना ते जन्मभर कळलं नाही. ही विद्या फक्त आमच्याच हातांत असते, अशी माझी समजूत होती. आणि इथे ही पांढऱ्या कपड्यातली बाई माझ्याच कातडीखाली ते ऐकत उभी होती. मेलेल्यासारख्या त्या पावलात मलाच मी सापडत नव्हतो, आणि ती मला शोधत होती. शेंड्यावर असताना शेजारच्या माडावर वीज पडलेली मी पाहिली आहे. तेव्हाही अंगावर असा काटा आला नव्हता.

तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

"आहे," ती म्हणाली. "सकाळपेक्षा बरा आहे." तिने पुन्हा फुली मारली, आणि चीरूकडे पाहून म्हणाली, "अम्मच्ची, हिला हात लावलात तर तुम्हालाच खाटेला बांधीन."

पाच वाजता डॉक्टर आले. फुलीवर बोटं दाबली, नाही अशी मान हलवली.

"सर, थोडं हलकं," सिस्टर खाली बघत म्हणाली.

डॉक्टरांनी बोटं सैल केली. थांबले. मग म्हणाले, "हो. आहे. पाय राहतो."

पुढे करंगळी काळी पडली, ती काढावी लागली. बाकी पाय माझा.

घरी येताना फुली पायावर होती. ती आपोआप जाईपर्यंत मी तिच्यावर साबण लावला नाही. निघताना सिस्टरने माझंच बोट धरून त्या जागेवर ठेवलं होतं, त्यामुळे आता मला खुणेची गरज नाही.

परवा चीरू म्हणाली, मलाही बघू दे. पडवीत बसून बराच वेळ चाचपत राहिली.

"काही लागत नाही. तुम्ही आणि ती सिस्टर मिळून मला फसवलंत."

"जोर लावू नकोस," मी म्हणालो. "हात आधी मानेला लाव. मग नुसता ठेव."

तिने ठेवला. अंगणात कोंबडी ओरडत होती, तिला चीरूने दुसऱ्या हाताने हाकललं आणि डोळे मिटले.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि हात काढेना.