ठकूआजीचा पंधरवडा

कुडपणच्या पठाराखाली, पोलादपूरच्या अंगाला, पंधरा-वीस घरांची एक वाडी होती. त्या वाडीत माणसानं म्हातारपणी कसं जगावं हे कधी ठरलं नव्हतं. पण कधी मरू नये, हे मात्र गावकीनं एकदा पक्कं ठरवून टाकलं होतं. माणसानं आपल्या घरच्या पंधरवड्यात मरू नये. शेजारच्या घरी खुशाल मरावं.

त्याचं असं झालं. ठकूबाई ही वाडीची सुईण. नवरा तरणाताठा गेला, पोटी मूल नाही, पण वाडीतलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस तिच्याच हातांवर पडलेलं. भादव्यात पाणंदीतल्या शेवाळावर पाय घसरून ती आडवी झाली, मनगट मोडलं, आणि गावकी बसली. एरवी गावकी बसली की भांडण उठायचं. त्या दिवशी मात्र सगळ्यांचे डोळे पाणावले. "आपली आय हाय ती," असं जो तो म्हणाला. म्हातारीनं झोपडीत एकटीनं राहायचं नाही, अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत एका घरी, तिथून अमावास्येपर्यंत दुसऱ्या घरी, असं ठरलं. इथवर सगळं गोड होतं. मग कोणा शहाण्यानं विचारलं, "आन् गेली तर?"

डोळे तिथल्या तिथं सुकले. बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं, की ज्याच्या घरी असताना जाईल त्यानं अग्नी द्यायचा, त्यानंच सुतक धरायचं, आणि तेराव्याला वाडीला जेवू घालायचं तेही त्यानंच. जे ठरलं नाही, पण सगळ्यांना न सांगता कळलं, ते असं, की त्या घराला पुढं तीन पिढ्या 'म्हातारी घालवलेले' हेच नाव पडणार.

झालं! तेव्हापासून ठकूआजीची जी काळजी सुरू झाली, तशी महाडच्या मामलेदाराचीसुद्धा कोणी घेत नसेल. पहिल्या घरानं तिची मिश्री तोडली, ठसका लागतो म्हणून. दुसऱ्यानं मिरची तोडली. तिसऱ्यानं सुकी मासळी. पुढं थंडी पडली, तेव्हा एका घरानं आंघोळच तोडली. आणि एका घरानं जे तोडलं ते पुढचं घर पुन्हा जोडत नसे. उगाच आपल्या अंगाशी कशाला?

पंधरवडा बदलायच्या दिवशी म्हातारीला झोळीत घालून पुढल्या घरी नेत. गावकीतला सगळ्यांत जुना माणूस चांगूआबा साक्षीला उभा राही. घेणारा तिची नाडी बघे, जीभ बाहेर काढायला लावी, पाठीला कान लावी.

"खोकली!" घेणारा म्हणे.

"खोकली नाय रे, हसली," देणारा म्हणे.

"हसली कशाला? मागं तर हसत नव्हती."

म्हैस विकत घेतानाही एवढी चौकशी होत नाही. पण म्हशीच्या बाबतीत, ती खाते काय, हे तरी कोणी विचारतं.

माघात हा पंधरवडा सहदेवच्या घरी आला. सहदेव दहा वर्षं मुंबईला गोदीतल्या एका गोदामावर पहारेकरी होता. गुडघा धरला म्हणून दिवाळीला कायमचा घरी आला, तो सामानात एक ट्रंक आणि 'डूटी' हा शब्द घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली. शब्द तोंडातच राहिला.

"दा वर्सं डूटी केली," तो ओटीवर बसून सांगे. "एक पोतं जागचं हललं नाय."

"पोत्याला पाय नसतात," आतून त्याची बायको चंद्राबाई म्हणे.

सहदेवनं ठकूआजीला माजघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर निजवलं, पुढच्या दाराला अडणा घातला, स्वतः ओटीवर बैठक मारली आणि बैलाच्या गळ्यातली घंटा म्हातारीच्या धडक्या मनगटाला बांधली.

"आजी, जागंवरनं उठायचं नाय. उठावंसं वाटलं तर हात हलवायचा. घंटा वाजली की मी हजर."

"आन् परसाकडं जायचं झालं तर?"

"तरी मी हजर. संगती येतो."

"मुडद्या, तुला पयला उघडा मी बघितला," ठकूआजी म्हणाली. "आता फेड करतोस व्हय रे?"

पहिले काही दिवस ती अशी फाडफाड बोलत असे. मग एके दिवशी एवढंच म्हणाली, "सहद्या, एक बोंबील भाजून दे रे. तोंडाला चवच नाय."

"पुनव होऊ दे," सहदेव म्हणाला. "महिपतदादाकडं गेलीस, की काय ते माग."

त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडे, पेज अर्धी ठेवी, शिव्या तर पार थांबल्या. सहदेवला फार समाधान वाटलं.

"बघ, कशी शांत झाली. सुदारली."

"सुदारली नाय, इझत चाललीय," चंद्राबाई म्हणाली. "अवो, माणूस हाय ती. मिठाचं पोतं समजलात काय?"

"तुला डूटीतलं कळत नाय," सहदेव म्हणाला. पुनवेला आता एकच दिवस उरला होता, आणि एका दिवसासाठी नवीन काही करून बघणाऱ्यातला तो नव्हता.

त्या दिवशी सकाळी चंद्राबाई फाटी आणायला रानात गेली. सहदेव ओटीवर सुंभ वळत बसला. आतून मधूनमधून घंटा किणकिणत होती. घंटा वाजली की त्याला हजर व्हायचं होतं खरं, पण ही घंटा बोलावल्यासारखी वाजत नव्हती. कुशीवर वळल्यासारखी वाजत होती. म्हातारी आहे, जागी आहे, जिवंत आहे. सहदेव खुशीत सुंभ वळत राहिला. ऊन अंगणात उतरलं. चंद्राबाईनं येऊन मोळी टाकली, आत गेली आणि तिथूनच ओरडली.

"अवो, आजी कुठं हाय?"

"हाय की आत. घंटा वाजतेय, ऐकत नायस?"

"घंटा रेडकाच्या गळ्यात हाय!"

सहदेव आत धावला. घोंगडीची नीट घडी घातलेली. मागं गोठ्याचं दार सताड उघडं. खुंट्याला रेडकू आपल्या गळ्यातला नवा दागिना डोलवत उभं होतं.

घटकाभरात वाडी गोळा झाली. सगळ्यांत आधी आला तो महिपत, कारण उद्यापासून पंधरवडा त्याचा.

"सहदेवा, मी सांगून ठेवतो. मी अजून ताब्यात घेतलेली नाय."

"आदी शोधा रे," चांगूआबा म्हणाला. मग जरा थांबून, "पण उद्या सापडली तर कोणाच्या पंधरवड्यात धरायची?" यावर दोघाचौघांनी मतंही दिली. चंद्राबाईनं मोळीतलं एक लाकूड हातात घेतलं, तेव्हा सगळे शोधायला निघाले.

विहिरीत गळ टाकला. ओढ्याच्या कोंडीत बांबूनं ढवळलं. सहदेव स्वतः कड्यावर गेला आणि पोटावर झोपून खाली वाकला. खाली करवंदीच्या जाळ्या आणि त्याखाली नुसता धुरकट दरा. "आजी गो!" त्यानं हाक घातली. दऱ्यानं ती जशीच्या तशी परत पाठवली. त्याच्या डोळ्यांसमोर घोंगडीवरची पाठ आली. म्हातारीनं मागून मागून काय मागितलं होतं? एक बोंबील. आणि आपण तिला तिथी सांगितली. त्याला हुंदका आला. त्या वेळी तेराव्याचा विचार आपल्या मनाला शिवलासुद्धा नाही, हे पुढं कितीतरी दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं.

डोळे पुसायला त्यानं मान फिरवली, तर वाडीच्या टोकाला, ठकूआजीच्या बंद झोपडीच्या पेंढ्यातून धूर निघत होता.

झोपडीला आग लागली, असं वाटून तो सुटला. गुडघा दुखतो हे गुडघ्यालाही आठवलं नाही. पाणंदीच्या तोंडाशी नाकात वास शिरला, आणि तो थबकला. पेंढा जळाल्याचा वास असा नसतो. हा वास बोंबलाचा होता.

दार लोटलेलं. आत चुलीपुढं ठकूआजी बसलेली. केस ओले, दातांवर मिश्री, आणि निखाऱ्यावर तीन बोंबील.

"दार लाव," ती मान न वळवता म्हणाली. "मांजर शिरंल."

सहदेव दार लावून उंबऱ्याशीच बसला. त्याला रडायचं होतं, पण हसायलाच यायला लागलं, आणि मग दोन्ही एकदमच झालं.

"आजी, आमी तुला कड्याखाली शोधतोय गो!"

"कड्याखाली? चूल हितं, मडकं हितं, महाडच्या बाजारातनं आणलेले बोंबील मडक्यात. कड्याखाली मी काय करू?"

म्हातारी मेली असेल त्या सगळ्या जागा वाडीनं धुंडाळल्या होत्या. जिवंत असेल तर कुठं असेल, असं कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"वाटेत पडली असतीस तर?"

"चार ठिकाणी बसले. कुंपण धरून उठले," ठकूआजी म्हणाली. "भादव्यात मनगट मोडलं, तेवा पाय धड होते. तुमी सगळ्यांनी मिळून पाय पण घालवलेत माजे. झोळीत घालून नेता. नाय पडणार तर काय!"

"सांगून जायचं व्हतंस."

"इचारलंस कदी?"

तिनं एक बोंबील झटकून त्याच्या हातावर ठेवला. "खा. तोंड बघ कसं पांढरं पडलंय. कोन मेलं का काय?"

वासावर बाकीची वाडी आली. दार उघडलं गेलं, आणि आतलं दृश्य बघून सगळ्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की चुलीतली राख उडाली असं पुढं सांगत. राख उडाली नसावी. पण बायका हसल्या, पुरुष खोकले आणि महिपत मटकन खाली बसला.

गावकी तिथंच अंगणात भरली. चांगूआबा म्हणाला, असं पुन्हा व्हायला नको, सहदेवनं पहारा कडक करावा. तेव्हा चंद्राबाई पुढं झाली. गावकीत बायका बोलत नसत, पण लाकूड अजून तिच्या हातातच होतं.

"पहाऱ्याचं रहू द्या, आबा. आजीचा अग्नी आन् तेरावं सगळ्या वाडीचं धरा. ज्याच्या घरी जाईल त्याला बोल नाय. मग बघा, म्हातारीला चालू देता का नाय."

मग एकेकाचे खांदे उतरायला लागले. भादव्यापासून प्रत्येक घर हेच ओझं घेऊन झोपत होतं, आणि ते वाटून घेता येतं हे कोणाला सुचलं नव्हतं. "बराबर हाय," महिपत सगळ्यांत आधी म्हणाला. पंधरवडा त्याचा होता.

"आन् आणखी एक," सहदेव म्हणाला. "आदल्या घरानं पुढल्या घराला सांगायचं. काय खाते, कुठं दुखतं, काय आवडतं."

"मला इचारा ना!" आतून ठकूआजी ओरडली. "मी हाय की हितं!"

तिला विचारलं. विचारल्यावर कळलं, की दिवसा तिला आपल्या झोपडीत राहायचं आहे आणि रात्री पंधरवड्याच्या घरी. मिश्री सुटणार नाही. आंघोळ रोज पाहिजे. आणि पेज तिला जन्मात कधी आवडली नव्हती.

"आन् येता-जाता तोल गेला तर?" महिपतनं हळूच विचारलं.

"ज्याला भ्या वाटतं त्यानं माज्यासंगती चालावं. पण झोळी नको."

माघी पुनवेला झोपडी शाकारायची ठरली. सहदेव पेंढ्याच्या पेंड्या घेऊन छपरावर चढला. खाली ठकूआजी काठी टेकून, मान वर करून उभी.

"हळू रे सहद्या, वासा कुजलाय! पडशील मेल्या!"

"पडू दे गो आजी," सहदेव वरून मजेत म्हणाला. "पडलो तर हाय की वाडी!"

"हौसेनं पडू नका," खालून पेंडी वर देत चंद्राबाई म्हणाली. "वाडीनं आजीचं कबूल केलंय. तुमचं अजून ठरलेलं नाय."

सहदेवनं पुढचा पाय जरा जपून टाकला.