खिडकीखालचं तिसरं

आधी.

शाळेच्या लायब्ररीत लहानांना पुस्तकं शोधून देता देता बाईंचा तास संपायचा. एकटी मुंगी कधी मदत मागायची नाही. दुसरीतली, चणीनं एवढीशी, म्हणून मुंगी. जीभ मात्र तिखट.

"सरका बाई, मला सापडतं."

खिडकीखालच्या कप्प्यात अस्वलाची चार पुस्तकं होती, चारही हिरवी, सारखीच. मुंगी बोटानं मोजून तिसरं ओढायची. मग बाईंसारखं पानं मुलांकडे करून धरायची आणि घडाघडा वाचायची. तिच्या दांडग्या वाचनाचं बाई सगळ्या शिक्षकांजवळ कौतुक करायच्या.

सुट्टीत.

बाईंनी कप्पे रिकामे केले. पाठ धरली तरी एकेक पुस्तक पुसून अक्षरांप्रमाणे लावलं. पोरांना सोपं जावं, एवढंच मनात.

सुट्टीनंतर, पहिलाच तास.

मुंगीनं खिडकीखालचं तिसरं हिरवं ओढलं, मुलांकडे धरलं. "अस्वलाला झोप येईना. ते उठलं आणि..."

"ए, झोप कुठली? इथं तर ते पोहतंय!"

"हिला वाचताच येत नाही! हिला वाचताच येत नाही!"

मुलं गेली. मुंगी राहिली.

"घरी कोण वाचून दाखवतं गं?"

"ताई. एकदाच. मग माझं पाठ होतं."

"आणि अक्षरं?"

मुंगीनं पुस्तक मिटलं. मग एकदम, "बाई, परत होतं तसं लावा ना. मुलं विसरतील."

"तुझ्या वर्गाच्या बाईंना सांगायला हवं, बाळा. त्या शिकवतील."

"त्या मला पहिलीत बसवतील! नका ना सांगू. तुमची शप्पथ."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मधल्या सुट्टीत.

सांगितलं.

सोमवार.

पहिलीची रांग आली. तिच्या शेवटी मुंगी, इतरांपेक्षा जेमतेम बोटभर उंच.

बाई खाली बसल्या. मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक उघडलं. "ये, आपण दोघी वाचू. हळूहळू. कुणी हसणार नाही."

मुंगीनं हात पाठीमागे बांधले.

"मला नकोय पुस्तक. तुम्ही दुसऱ्यांना शोधून द्या."

दुसरे होतेच. एकानं बाईंचा पदर ओढला, त्याला वाघाचं हवं होतं. बाई उठल्या.