सोलोमन घोडा आणि मधलं राज्य

त्या उन्हाळ्यात देशातली उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं गुलामगिरीवरून एकमेकांच्या उरावर बसली, आणि मधल्या केंटकी राज्यानं जाहीर केलं, आम्ही कुणाचेच नाही. गुलामही ठेवायचे आणि देशही मोडू द्यायचा नाही, असा साळसूद बेत होता. त्यामुळे कालपर्यंत डुकरांखेरीज कुणी न फिरकलेल्या ओहायो नदीच्या एका घाटाला एकाएकी भाव आला. तिथल्या कझाया टार्लटनला दोन्हीकडचे अधिकारी टोपी काढून मावशी म्हणू लागले. साठ वर्षांत तिला एवढे भाचे कधी लाभले नव्हते.

कारण तिची नाव. चाळीस मैलांत फौज उतरवू शकेल अशी तेवढीच. तिच्यावरच्या फिरत्या फळ्यांवर सोलोमन नावाचा आंधळा घोडा जागच्या जागी चाले, त्यानं पाणी कापणारी चाकं फिरत, नाव पलीकडे जाई. मावशी दोघांनाही नाही म्हणे. जो आधी न विचारता घरात घुसेल तो आपला नाही, एवढं मात्र तिचं ठरलेलं होतं.

सप्टेंबरात दक्षिणेची फौज न विचारता राज्यात घुसली. राज्यानं उत्तरेची बाजू घेतली आणि पलीकडच्या तीरावर उत्तरेचे चारशे शिपाई येऊन थांबले. त्याच सकाळी दक्षिणेचा कॅप्टन यांडेल, गावचाच माणूस, दोन शिपायांसह तडक नावेत चढला. शत्रूला मिळण्याआधी ती बुडवायचा हुकूम होता. तळ कुठून फोडावा हे पाहायला तो वाकला.

मावशीनं मुकाट्यानं दोर सोडला. सोलोमन चालू लागला.

"थांबव त्याला, मावशी."

"तो पलीकडेच थांबतो. चौदा वर्षांची सवय आहे."

यांडेलनं पिस्तूल काढून घोड्याच्या कानाशी धरलं. शिपाई आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

"झाड की गोळी," मावशी म्हणाली. "मग केंटकीभर सांगत फिर, म्हातारा आंधळा घोडा मारून लढाई जिंकली म्हणून. तुझ्या बापाला आधी सांग. जन्मभर घोडे वाढवलेत त्यानं."

पिस्तूल हळूहळू खाली गेलं. मावशीवर झाडायचं त्याला सुचलंच नाही. तो चांगल्या घरातला होता.

पलीकडे चारशे जणांनी त्याचं अगत्यानं स्वागत केलं. उत्तरेचा कर्नल खुशीत येऊन म्हणाला, केंटकी आमच्याकडे आलं, असं आजच राजधानीला कळवतो.

"आलं नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही चाललाय त्याच्याकडे. बुटांचा चिखल झटका आणि नावेत चढा."