बलभीमची ऑनर्सची दरख्वास्त

या, असे जवळ सरका. बुवा अजून जेवताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवाच्या दारातलीच आहे, आणि तिच्यातली चूक माझी आहे.

निजामाची अमदानी होती. अणदूरच्या पुढं, सडकेलगतच्या आमच्या गावात मी हेडमास्तर. माझा विद्यार्थी बलभीम हैदराबादला इंटर पहिल्या वर्गात पास झालेला. त्याला बी.ए. ऑनर्सला बसायचं होतं. ऑनर्सच्या अटी लई. उर्दूत अव्वल गुण हवेत, ते होते. चालचलणुकीचा दाखला शाळेच्या शिक्क्याचा. वाचलेल्या पुस्तकांची यादी, तीही उर्दूत आणि हेडमास्तराच्या हातची. आणि हे सगळं दरख्वास्तीला, म्हणजे अर्जाला, जोडून गुरुवारी दुपारपर्यंत उमेदवार स्वतः हैदराबादला हजर. कॉलेजचं कार्डच त्याला मंगळवारी मिळालं.

बुधवारी सकाळी तो देवळात आला, तेव्हा सप्ताहाचा पाचवा दिवस. अखंड वीणा चालू होती. सात दिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहायचं, भुईला टेकू द्यायची नाही. पण पाऊस उघडला, वापसा झाला, रान पेरणीजोगतं झालं आणि सगळं गाव शेतात पळालं. माझ्या जागी उभा राहणारा कोंडीराम आलाच नव्हता. मी पहाटेपासून उभा. पोटऱ्यांचे दगड झालेले.

"गुरुजी, दहाला मोटार हाय."

"शिक्का शाळेत आहे रे. वीणा घे. आलोच."

तो पाया पडला, वीणा गळ्यात घेतली. मी शाळेत गेलो, दाखल्यावर शिक्का मारला आणि यादी लिहायला बसलो. निम्मी पुस्तकं माझ्याच कपाटातली, चार नळदुर्गच्या एका वकिलाकडून मागून आणलेली, बाकी कॉलेजात उभ्यानं वाचलेली. सातवं नाव लिहिलं आणि शिक्का ठेवलेल्या पेटीवर जरा डोकं टेकलं. जरासंच.

जाग आली ती मोटारीच्या भोंग्यानं. कागद घेऊन तसाच धावलो. सडकेवर नुसत्या चाकांच्या खुणा.

देवळात बलभीम उभा होता. बोट तारेवर, तोंडात नाम.

"अरे, ठेवून पळायचं!"

"कुठं ठेवू?" तो म्हणाला. "देवळात कुणीच न्हाय."

तेवढ्यात चिखलाच्या पायांनी कोंडीराम आला. माझ्या तोंडाकडं बघून हसला, "मास्तर, जप चालला व्हता का झोप? गालावर सरकारी शिक्का उठलाय!"

बलभीमनं माझ्या गालाकडं पाहिलं. मग खाली. वीणा कोंडीरामच्या गळ्यात घातली, पाया पडला आणि माझ्या हातातला कागद घेऊन म्हणाला, "उरलेली पाच नावं सांगू का, गुरुजी? उद्याच्या मोटारीनं जाऊन बघतो."

शुक्रवारी पोचला. कारकुनानं कागद उघडलासुद्धा नाही. पोरगा साधा बी.ए. झाला. त्या यादीतली पुस्तकं त्याला मुखोद्गत होती, पण ती कुणी विचारली नाहीत.

सप्ताह मात्र अखंड पार पडला. काल्याच्या दिवशी गावानं हार घातला तो मला. पाय दुखत होते, मान खाली गेली, आणि लोकांना वाटलं मास्तर किती नम्र.

बुवा उठले वाटतं. बसा, बसा. एवढंच करा, आज आरती झाली की देवापुढं एकदा बलभीमचं नाव घ्या.