श्रीचं कार्ड

मी कार्ड बोलतोय. रेशनचं नाही आणि लग्नाचंही नाही. कॉम्प्युटरला खाऊ घालायचं, भोकं पाडलेलं कार्ड. अंगावर ऐंशी घरं छापलेली आणि एक कोपरा जन्मतःच कापलेला. आमचा एक गठ्ठा होता आणि त्यात सगळ्यात वर मी. ही वरची जागा मला कशी मिळाली ते ऐकाच. तिच्यापायी एका मुलीचं वर्ष जायची वेळ आली होती.

साल चौऱ्याहत्तर. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका शाळेनं टेक्निकल शाखेत वेल्डिंगच्या जोडीला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग सुरू केलं. शाळेत कॉम्प्युटर नव्हता. शिकवणाऱ्या सान्याल सरांनी तो एकदाच पाहिला होता, तोही काचेतून. पण माणूस मोठा जिद्दीचा! ते फळ्यावर कॉम्प्युटर काढायचे आणि तास संपला तरी पुसू द्यायचे नाहीत. "मशीन मध्येच बंद करू नये," म्हणायचे. इतिहासाच्या बाईंना प्लासीची अख्खी लढाई उरलेल्या कोपऱ्यात उरकावी लागे.

भोकं पाडायचं हातयंत्र तेवढं शाळेत होतं. मुलांची कार्डं बिस्किटाच्या डब्यात भरून दर गुरुवारी सर बसनं एका मोठ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे नेत, आणि मशीननं छापलेले कागद त्याच संध्याकाळी आणत.

माझी मालकीण कालिंदी, वर्गातली एकुलती एक मुलगी. तिचे वडील अण्णा गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. तिला या वर्गात घ्यावं म्हणून ते हेडमास्तरांशी तीनदा भांडले. शेवटी हेडमास्तरांनी अट घातली: परीक्षेआधी प्रोग्रॅम चालल्याचा कागद आणा, नाहीतर मुलगी पाककलेच्या वर्गात. परीक्षेला गुरुवार उरले होते तीन.

कालिंदीनं एकोणतीसचा पाढा छापणारा प्रोग्रॅम लिहिला. अण्णांनी गठ्ठा हातात घेतला आणि दचकले.

"अगं, वर श्री कुठंय?"

"अण्णा, प्रोग्रॅम आहे हा."

"असेना! आपल्या घरातून वाण्याची यादीसुद्धा श्री लिहिल्याशिवाय बाहेर पडत नाही. लाव एक कार्ड."

ते कार्ड मी. मशीनला देवनागरी येत नाही, म्हणून माझ्यावर इंग्रजी अक्षरांत श्री उमटला, तोही रीतीप्रमाणे मधोमध. मी असा काही फुगलो की गठ्ठ्याचं रबर ताणलं!

गुरुवारी कागद आला. पाढा नाहीच. एकच ओळ होती: पहिल्या कार्डावरचा हुकूम कळला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे काढून टाक," सर म्हणाले.

"सर, त्यावर देवाचं नाव आहे. तुम्हीच काढा."

सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि मला नमस्कार केला. मग विचार करून म्हणाले, "एकट्या श्रीनं भागलं नसेल. आमच्याकडे वर दुर्गामातेचं नाव लिहितात."

झालं! माझ्याखाली दुर्गेचं कार्ड आलं. पुढच्या गुरुवारी कागदावर दोन ओळी: पहिलं कळलं नाही, दुसरंही कळलं नाही. तोवर वेल्डिंगचे मास्तर विश्वकर्म्याचं कार्ड घेऊन दारात हजर!

अण्णांचा चेहरा पार उतरला. "माझ्या हट्टापायी तुझं वर्ष चाललंय, पोरी. काढ ते कार्ड."

कालिंदीनं मला चिमटीत धरलं. माझा जीव टांगणीला. "थांबा अण्णा," ती म्हणाली, "आधी पुस्तक बघते."

पुस्तक होतं. खराब होऊ नये म्हणून सरांनी ते वर्षभर कुलपात ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, कार्डाच्या पहिल्या घरात 'सी' असला तर मशीन ते कार्ड जसंच्या तसं छापतं, पण तो हुकूम आहे असं धरत नाही. श्री मधोमध असल्यामुळे माझं पहिलं घर रिकामंच होतं. तिनं तिथं खटकन 'सी'ची दोन भोकं पाडली. लहान मुलाचे कान टोचतात ना, तसं! मग दुर्गेच्या कार्डाचेही टोचले. विश्वकर्म्याचं कार्ड मात्र मास्तरांना नम्रपणे परत गेलं.

तिसऱ्या गुरुवारी सर बसमधून उतरले ते धावतच आले. कागदावर सगळ्यात वर श्री, मग दुर्गा, आणि खाली एकोणतीस एके एकोणतीसपासून दोनशे नव्वदपर्यंत पाढा. अण्णांनी तो मोठ्यांदा म्हणून तपासला. मशीन कुठं चुकलं नव्हतं. पाककलेच्या बाईंनी काढून ठेवलेलं नवं लाटणं मुकाट्यानं कपाटात गेलं.

"बघितलंस? मानला की नाही मशीननं श्री!"

कालिंदी गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. "नाही हो अण्णा. त्या दोन भोकांचा अर्थ, हे कार्ड सोडून पुढं जा."

मला वाटलं, आता गेलो मी केराच्या टोपलीत. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"सोडून जातं, पण वर छापतं ना?"

"छापतं."

"मग झालं."

त्याला पाच वर्षं झाली. अण्णा निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. कालिंदी त्याच मोठ्या ऑफिसात लागली, काचेच्या आत. माझ्या कडा मऊ पडल्यात. मशीनमध्ये गेलो तर अडकेन, म्हणून मी तिच्या खणात असतो. दर नव्या गठ्ठ्यासाठी ती माझ्यावरून एक नवं कार्ड करते.

परवा साहेबांनी तेच उचलून विचारलं, "हे पहिलं कार्ड काय काम करतं?"

"काही नाही," ती म्हणाली, "ते अण्णांचं आहे."

साहेबांनी ते होतं तिथं ठेवलं. तुमच्याही हातात कधी असं कार्ड आलं, तर वाचू नका हवं तर. फक्त वरून काढू नका.