धाकटीचं लोणी

लग्न होऊन आल्यापासून घरातलं दही थोरलीच घुसळायची. सकाळी डेऱ्यापुढे बसून रवीची दोरी हातात घेतली की त्या कोपऱ्यात तिचंच राज्य. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि महिन्याभरातच थोरली तापाने आडवी झाली. दोरी धाकट्या जावेच्या हाती गेली.

थोरली बरी होऊन उठली, तर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकटीच्या हाताला यश आहे बाई. गोळा बघ कसा घट्ट! एवढं लोणी या घरात कधी निघालं नव्हतं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं तिचे दंड भरून येत होते, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"तूच बस हो आजही," ती धाकटीला गोड आवाजात म्हणाली. "मला अजून अशक्तपणा आहे."

धाकटी रवी धुवायला अंगणात गेली. तेवढ्यात थोरलीने चुलीवरचं तांब्याभर कढत पाणी डेऱ्यात ओतलं आणि काही न घडल्यासारखी भाजी निवडायला बसली.

धाकटी घुसळून घुसळून घामाघूम झाली. वर नुसता तेलकट फेस. लोणी म्हणून येईना. सासूबाई डोकावल्या. "आज काय झालंय गं तुला?"

थोरलीला मनातून गुदगुल्या झाल्या.

"ताई, तुम्हीच बघा ना," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

थोरली ऐटीत उठली. डेरा गार पाण्यात ठेवला, दही निवू दिलं, मग दोरी ओढली. हळूहळू कण जमले, गोळा वर आला.

"तुझी सर कुणाला नाही," सासूबाई म्हणाल्या. "आता हे काम कायमचं तुझं."

थोरलीने मान ताठ करून धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा खुलला होता.

"सुटले बाई! खांदे नुसते ठणकत होते. पण आईंना सांगणार कोण?" ती थोरलीच्या कानात कुजबुजली.

"झालं का तुझं?" दारातून धाकटा दीर म्हणाला. "मळ्यात येतेस?"

चपला अडकवून ती गेलीसुद्धा. दोघांचं हसणं कुंपणापलीकडून ऐकू येत राहिलं. थोरलीला नवऱ्याने असं कधी बोलावलंच नव्हतं. दोरी हातात तशीच धरून ती कुंपणाकडे बघत बसली.

"अगं, बघत काय बसलीस?" सासूबाई ओरडल्या. "लोणी काढ, पातळ होतंय!"