रिकाम्या कागदावरचे चौदा लाख आकडे

बाळंतपणामुळे प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आज परीक्षकांनी नापास केलं की अनाहीचं नाव मोंतेव्हिदेओच्या विद्यापीठातून कटलंच. म्हणून तिने प्रबंध सात वेळा तपासला होता. झोपलेल्या बाळाचा श्वास तपासावा तसा.

प्रबंध होता दूध संघातल्या माणसांसाठी केलेल्या एका छोट्याशा संगणक-भाषेवर. त्या भाषेत नाव कशाला म्हणायचं, आकडा कशाला म्हणायचं, याचे नियम तिने कंसांत बांधले होते. कंसातलं असलं तर असलं, नसलं तर नसलं. दूध मोजणारे दशांशाच्या टिंबाआधीचं शून्य लिहायचा आळस करतात, म्हणून आधीचे अंक कंसात. काही जण टिंब देऊन थांबतात, म्हणून नंतरचे अंकही कंसात. काहींना टिंबच नको, मग तेही कंसात. कुणाची गैरसोय नको!

परीक्षक एचेवेरी सरांनी बगलेतला गरम पाण्याचा थर्मास टेबलावर ठेवला, येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाने सगळ्यांत फिरवायचा तुंबा भरला आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

"हा आकडा आहे का गं?"

"सर, यावर काहीच नाहीये."

"मला नको सांगूस. तुझ्या नियमाला विचार."

अनाहीने नियमावर बोट फिरवलं. तिन्ही तुकडे कंसात! म्हणजे तिन्ही नसले तरी चालतंय.

"आहे सर. आकडा आहे."

"एकच?"

"चौदा लाख झालेत," संगणकाच्या पडद्याकडे बघत दुसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या. "कोरी फाइल दिली होती. मशीन जागचं न हलता तोच रिकामा आकडा अजून मोजतंय."

इतक्यात दार किलकिलं झालं. कडेवर बाळ घेतलेली अनाहीची आई, निबिया. "झालं का गं? याने दूध ओकलं."

"आई, आत येऊ नकोस! ...पांढरंच आहे ना?"

"नाही, निळं! दूधच ते," म्हणत आईने दार लावलं.

सरांनी तुंबा तिच्या हातात दिला. तिने नळीने घाईघाईने ओढला आणि परत देताना म्हणाली, "आभारी आहे." झालं! तुंब्याच्या फेरीत आभार मानले म्हणजे 'मला आता पुरे'. पुढच्या फेरीत तुंबा तिला वगळून गेला. ती बघत राहिली. कुणीतरी तोंड उघडतं म्हणून फेरी थांबते. आपल्या नियमात तर तिन्ही तुकड्यांपैकी कुणालाच तोंड उघडायची सक्ती नाही!

ती उठली आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एकतर अंक आधी, मग हवं तर टिंब, हवे तर आणखी अंक. नाहीतर टिंब आधी, आणि मग अंक हवाच.

"नुसतं टिंब?" सर.

"चालणार नाही."

"कोरा कागद?"

"कोराच राहील, सर."

सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मशीन बंद केलं, आणि दोघांनी सही केली.

बाहेर आईने विचारलं, "पास ना? मग चेहरा असा का?"

"आई, नावं किती लांब असावीत, ते मी लिहिलंच नाहीये. कुणी पानभर लांब नाव ठेवलं तर?"

"चूप! सही झालीये ना? हे बाळ धर आणि चल भराभर, त्यांनी पुन्हा वाचायला घ्यायच्या आत!"